लांबच्या माऱ्याला किंमत हवी

बुद्धिबळाच्या पटावर वजिराइतका पल्ला कुणालाच नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावतो, तिरका धावतो, आणि तरीही जोर असलेल्या एका साध्या प्याद्यासमोर त्याला थांबावे लागते. ते प्यादे मारायचे तर वजिराला त्याच घरात जाऊन बसावे लागते आणि पुढच्या खेळीत त्याचाच बळी जातो. जुन्या चतुरंगात मंत्री तिरका एकच घर सरकत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आणि उंटाला लांब पल्ला मिळाला आणि खेळाची गती पार बदलली, पण खेळ एकतर्फी झाला नाही. मारायचे तर तिथवर जावे लागते, वाटेत आपलाच मोहरा आला तरी रस्ता बंद होतो, आणि मारून झाल्यावर आपण समोरच्याच्या तावडीत सापडू शकतो. पल्ला वाढला तरी ही किंमत त्याला चिकटून राहिली. चिनी बुद्धिबळातल्या तोफेची अट तर आणखी कडक आहे. तिला मारायचे असेल तर मध्ये नेमका एक मोहरा आड असावा लागतो. तो नसला की तोफ गप्प.

संगणकावरच्या पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळांमध्ये, विशेषतः एल्फ, राक्षस, जादूगार आणि ड्रॅगन असलेल्या अद्भुत दुनियेतल्या खेळांमध्ये, हा हिशेब बिघडतो. तिथला तिरंदाज किंवा मांत्रिक स्वतःच्या जागेवरून हलत नाही, समोरचा मरतो, आणि याला ओरखडाही येत नाही. खेळाडूंनी तक्रार केली की बहुतेक वेळा या तुकडीचा नुसता आकडा खाली आणला जातो: बाणाचा मारा पंधरावरून चौदावर, पल्ला सहा घरांवरून पाच घरांवर. खेळाडूंच्या भाषेत, तिरंदाज नर्फ होतो. माझे म्हणणे असे, की दुखणे आकड्यात नसतेच. लांबच्या माऱ्याची खरी ताकद तो किती इजा करतो यात नसून त्याला उत्तर देता येत नाही यात आहे. म्हणून तोल साधायचा तर समोरच्याला पटावरच उत्तर मिळवून दिले पाहिजे. ते उत्तर जागेतून यावे, वेळेतून यावे, नाहीतर आडोशातून.

उत्तर नसण्याचा फायदा वाटतो त्याहून फार मोठा असतो, आणि तो कागदावर मांडता येतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात लढायांचे साधे गणित मांडले. १९१६ मध्ये ते त्याच्या विमानयुद्धावरच्या पुस्तकात आले. हातघाईच्या लढाईत एकाला एकच भिडतो, म्हणून सारख्या ताकदीचे वीस विरुद्ध दहा लढले तर दहाच्या बदल्यात दहा जातात आणि दहा उरतात. नेम धरून दुरून मारा करणाऱ्यांचे तसे नसते. सगळे मिळून एकावर नेम धरू शकतात, त्यामुळे ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. वीस नेमबाज दहा नेमबाजांना संपवतात तेव्हा त्यांचे साधारण सतरा शाबूत असतात. संख्या दुप्पट, पण बळ चौपट. षटकोनी घरांच्या पटावर हे आणखी ठळक होते. एका घराला शेजारी सहाच, त्यामुळे तलवारवाले एका शत्रूभोवती सहाहून जास्त उभेच राहू शकत नाहीत. रांगेत लढताना तर दोघातिघांचाच हात पोहोचतो. धनुष्यवाल्यांना ही मर्यादा नाही. दहा असोत की पंधरा, सगळ्यांचे बाण एकाच अंगावर पडतात. तिरंदाजाचा एकट्याचा आकडा तलवारवाल्याहून कमी ठेवला तरी दहा तिरंदाजांचा कळप पट झाडून नेतो, याचे मूळ इथे आहे.

त्यात पाळीपाळीच्या खेळाची स्वतःची एक अडचण असते. खऱ्या काळात चालणाऱ्या खेळात बाण सुटतो तेव्हा समोरचाही धावत असतो. इथे अनेकदा माझी सगळी सेना आधी मारा करून घेते, मग समोरचा हलतो. पहिल्याच फेरीत त्याची दोन माणसे पडली तर त्याची पहिली पाळी दोन माणसांनी हलकी होते. तेवढे त्याचे उत्तर कमी येते, आणि माझी दुसरी फेरी आणखी सोपी जाते. सुरुवातीच्या फुकट माऱ्यावर असे चक्रवाढ व्याज चढत जाते.

या पेचाशी मनापासून झुंजलेला खेळ म्हणजे न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगचा १९९९ चा 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी तो खेळला जातो, आणि चाहत्यांनी त्यावर रचलेल्या 'हॉर्न ऑफ द अबिस'मध्ये आजही भर पडते आहे. त्याचे युद्धमैदान पंधरा बाय अकरा षटकोनांचे. साध्या भालाईताचा वेग चार घरांचा, म्हणजे पलीकडच्या तिरंदाजापर्यंत पोहोचायला त्याला तीन-चार फेऱ्या लागतात. तिरंदाज मोकळा सोडला असता तर भालाईत वाटेतच संपला असता. खेळाच्या कर्त्यांनी बाणाचा मूळ मारा दुबळा केला नाही. तो कुठून सोडला जातो यावर अटी घातल्या. लक्ष्य दहा घरांहून दूर असेल तर मारा निम्मा, आणि निशाण्यावर मोडक्या बाणाची खूण दिसते, म्हणजे खेळाडूला बाण सोडण्याआधीच कळते की हा सौदा तोट्याचा आहे. किल्ल्याच्या भिंतीपलीकडे मारायचे तर पुन्हा निम्मा. दूरही आणि भिंतीआडही, तर चौथा हिस्सा. शत्रू शेजारच्या घरात येऊन उभा राहिला की धनुष्य बंदच. हातघाई करावी लागते आणि बहुतेक तिरंदाजांची हातघाई निम्म्या ताकदीची. बाणही मोजके, आणि ते संपू नयेत म्हणून दारूगोळ्याची गाडी बरोबर न्यायची, तर शत्रू ती गाडी फोडू शकतो.

या अटींमधली मला सगळ्यात मोलाची वाटते ती शेजारी आल्यावर धनुष्य बंद होण्याची अट. तिच्यामुळे तिरंदाजाविरुद्धचे उत्तर महागडे राहत नाही. उडणारा एक हलका जीव, अगदी एकटा, शत्रूच्या धनुर्धाऱ्यांना जाऊन चिकटला तरी ती फेरी त्यांना बाण सोडता येत नाही. मग धनुर्धारी बाळगणाऱ्याला विचार करावा लागतो. त्यांना कोपऱ्यात ठेवून भोवती कडे उभे करायचे, तर ती कडे करणारी माणसे पुढच्या लढाईला कमी पडतात. कडे न करता मोकळे ठेवायचे, तर उडत्यांची धास्ती. तिरंदाज बलवान राहतो, पण त्याच्यासाठी कुणाला तरी पहाऱ्यावर बसवावे लागते. याला मी तोल म्हणतो. समोरच्याकडे जादूतूनही उत्तरे आहेत: हवेची ढाल माऱ्याची धार निम्म्यापर्यंत कमी करते, विस्मरणाचा मंत्र धनुर्धाऱ्यांना बाण सोडायचेच विसरायला लावतो. यांतले काही ना काही जवळपास प्रत्येक सेनेच्या आवाक्यात येऊ शकते.

अगदी वेगळी वाट २००३ मध्ये डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेल्या 'बॅटल फॉर वेस्नॉथ' या मुक्त खेळाने धरली. या खेळात धनुष्यसुद्धा शेजारच्या घरावरच चालते. ऐकायला हे विचित्र वाटते, पण त्यामागचा विचार पक्का आहे. प्रत्येक तुकडीकडे जवळची आणि लांबची अशी दोन प्रकारची शस्त्रे असू शकतात, आणि ज्या प्रकाराने हल्ला झाला त्याच प्रकाराने उत्तर देता येते. ऑर्क सैनिकाकडे धनुष्य नाही, म्हणून एल्फ तिरंदाजाचे बाण त्याला मुकाट्याने सोसावे लागतात. पण त्याची पाळी आली की तो तलवार घेऊन त्याच तिरंदाजावर तुटून पडतो, आणि तिरंदाजाची तलवार त्याच्या धनुष्यापेक्षा दुबळी असते. अंधारी विद्या शिकणाऱ्या नवशिक्या मांत्रिकाकडे तर जवळचे शस्त्रच नाही. त्याची जादू जबर, पण त्याच्यावर कुणी चालून गेले की तो हातही उचलू शकत नाही. इथे लांबच्या माऱ्याचा 'उत्तर नाही' हा फायदा शाबूत आहे, फक्त तो स्वतःच्या पाळीपुरता आहे. शिवाय शेजारच्या घरातूनच मारायचे असल्याने एका शत्रूवर सहाहून जास्त जण तुटून पडू शकत नाहीत, म्हणजे लँचेस्टरच्या वर्गाचा प्रश्न मुळातच उपटून टाकला आहे. याला धनुर्विद्या म्हणायची का, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच चुकीचा नाही. दूरवरून बाण सोडण्याचा थरार या खेळाने गमावला आहे. तरी एका नियमात एवढे साधणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

किंमत लावण्यात अतिरेकही होऊ शकतो. जपानच्या इंटेलिजंट सिस्टिम्सची 'फायर एम्ब्लेम' मालिका १९९० पासून चालू आहे. तिच्या बहुतेक भागांत तिरंदाज नेमक्या दोन घरांवर मारतो. शेजारच्या घरातल्या शत्रूवर त्याला बाणही सोडता येत नाही आणि त्या शत्रूने हल्ला केला तर उत्तरही देता येत नाही. वरकरणी ही अटही 'हीरोज'सारखीच. परिणाम मात्र उलटा झाला, आणि तिरंदाज हा या मालिकेतला दुबळा सैनिक अशी त्याची ख्याती झाली. कारण या खेळात निम्मी कत्तल शत्रूच्या पाळीत होते. भक्कम चिलखतवाला पुढे उभा करायचा, शत्रूंनी त्याच्यावर चालून यायचे आणि त्याच्या प्रत्युत्तरात मरायचे, अशी इथली रीत. शेजारी आलेल्याला जो उत्तरच देऊ शकत नाही, त्याची अर्धी लढाई वाया जाते. त्यात फेकायचे भाले आणि फेकायच्या कुऱ्हाडी एक आणि दोन, दोन्ही घरांवर चालतात, म्हणजे तिरंदाजाचा एकमेव फायदा भालाईतालाही मिळाला आणि त्याचा तोटा मात्र मिळाला नाही. २०१५ च्या 'फेट्स'मध्ये या फेकशस्त्रांनी लागोपाठ दोनदा वार करता येणार नाही अशी अट आली. २०१९ च्या 'थ्री हाऊसेस'ने धनुर्धाऱ्यांना पल्ला वाढवणारी आणि शेजारच्यालाही उत्तर देता येईल अशी कौशल्ये दिली, आणि धनुर्धारी भावाने चढले. एकच अट एका खेळात तोल साधते आणि दुसऱ्यात तिरंदाजाला संपवते. म्हणून नियम दुसऱ्या खेळातून उचलून आणण्याआधी आपल्या खेळात लढाई नेमकी कुणाच्या पाळीत जिंकली जाते, हे पाहावे लागते.

कौशल्यांकडे तर विशेष लक्ष द्यायला हवे, कारण तुकडीच्या दारातून बाहेर काढलेला असमतोल बहुतेक वेळा कौशल्याच्या खिडकीतून परत येतो. कौशल्ये दोन जातीची असतात. एक जात मारा वाढवते. 'हीरोज ३' मधले तिरंदाजीचे कौशल्य तीन पायऱ्यांत लांबच्या माऱ्याला १०, २५ आणि ५० टक्के जोड देते. दुसरी जात किंमत माफ करते: दूर असले तरी मारा निम्मा होणार नाही, आडोसा धरला जाणार नाही, शत्रू शेजारी असला तरी धनुष्य चालेल. खेळाडूंच्या नजरेत पहिली जात भरते, कारण तिथे आकडा वाढताना दिसतो. खेळ मोडते ती दुसरी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत 'शार्पशूटर' नावाचे कौशल्य आहे. नेमातून पाच गुण सोडले की माऱ्यात दहा मिळतात, शिवाय लांब अंतराचा तोटा नाही आणि अर्धा किंवा पाऊण आडोसा असून नसल्यासारखाच. दोन्ही जाती एकाच कौशल्यात एकत्र आल्या. २०२४ च्या सुधारित नियमांत पाचाच्या बदल्यात दहाचा सौदा काढला गेला, ते योग्यच झाले. पण लांब अंतर आणि आडोसा यांची माफी कायम राहिली आणि शत्रू शेजारी असतानाही बिनतोटा बाण सोडण्याची मुभा वर मिळाली. माझ्या मते ही दुरुस्ती उलट्या टोकाकडून झाली. आकडा कापला आणि समोरच्याची उरलेली तीनही उत्तरे काढून घेतली. २०२३ चा लॅरियनचा संगणकावरचा खेळ 'बाल्डर्स गेट ३' जुन्या नियमांवर उभा आहे. त्यात उंचावरून मारणाऱ्याला नेमाचा फायदा आणि खालून मारणाऱ्याला तोटा आहे. तिथेही 'शार्पशूटर' घेतले की खाली उभे राहण्याचा तोटा पुसला जातो. चढण चढून मोक्याची जागा पटकावण्याचा डावच मग खेळाडूच्या हिशेबातून जातो.

आकडे कापणे सोपे असते, तपासून पाहता येते, मग अटींचे जाळे कशाला, असा प्रश्न खेळ बनवणारे विचारतात. त्यांची अडचण मी समजू शकतो. अटी वाढल्या की नवखा खेळाडू गोंधळतो. पण आकड्याला पटाची जाण नसते. मोकळ्या माळावर ज्या माऱ्याने तिरंदाज अजिंक्य ठरतो, तोच मारा दाट जंगलात किंवा अरुंद भुयारात अपुरा पडतो. माळासाठी आकडा कापला की भुयारात तिरंदाज ओझे होतो. शिवाय आकडे सरळ रेषेत चालत नाहीत. तीस जीव असलेल्या शत्रूला पंधराचा बाण दोन नेमांत मारतो. तोच बाण चौदाचा केला तर तीन लागतात. कपात सात टक्क्यांचीही नाही, पण तिरंदाजाचे काम दीडपट झाले. मग कुणीतरी शत्रूचा जीव अठ्ठावीस करतो आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे. हा खेळ वर्षानुवर्षे चालू राहतो आणि खेळाडूंना दर नव्या आवृत्तीत आपली सेना नव्याने मांडावी लागते. शेजारी आल्यावर धनुष्य बंद, ही अट माळावरही तितकीच खरी आणि भुयारातही.

दुसरा आक्षेप वास्तवाचा. बाण दुरून मारण्यासाठीच असतो, तलवारवाल्याला तो लागणारच, मग कृत्रिम बंधने का घालायची? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने उभा राहत नाही. १४१५ मध्ये अझँकूरला इंग्रज धनुर्धाऱ्यांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली, तेव्हा त्यांच्यापुढे टोकदार खुंट रोवलेले होते आणि मैदानात चिखल होता. १४२९ मध्ये पाते इथे खुंट रोवून होण्याआधीच फ्रेंच घोडदळ येऊन धडकले आणि त्याच इंग्रज धनुर्धाऱ्यांचा धुव्वा उडाला. धनुष्य तेच, माणसे त्याच परंपरेतली. आडोसा मिळाला नाही एवढाच फरक. अद्भुताच्या दुनियेतही आपल्याला दूर जायला नको. महाभारतात अर्जुनासारख्या धनुर्धराच्या रथाच्या दोन्ही चाकांपाशी युधामन्यू आणि उत्तमौजा हे चक्ररक्षक म्हणून नेमलेले होते. एवढा मोठा धनुर्धर, पण त्याच्या बाजू सांभाळायला दोन महारथी गुंतवावे लागले. ज्याने ती युद्धकथा रचली त्याला लांबच्या माऱ्याची किंमत ठाऊक होती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. एकट्याने संगणकाविरुद्ध खेळायच्या खेळात तोल कशासाठी? संगणक हरल्याचे दुःख करत नाही. तिरंदाजांचा कळप घेऊन कुणाला जिंकायचे असेल तर जिंकू द्यावे. जिंकू द्यावे हे मान्य. प्रश्न संगणकाला न्याय मिळण्याचा नाही, खेळाडूच्या हातातल्या पर्यायांचा आहे. वीस प्रकारच्या तुकड्या बनवल्या, त्यांची चित्रे काढली, त्यांना नावे आणि गोष्टी दिल्या, आणि एकाच प्रकाराने सगळ्या लढाया सुटत असतील तर उरलेल्या एकोणीस वाया गेल्या. संगणक हा खेळाडूच्या लांबून मारणाऱ्यांचा फार लवकर बळी होतो, कारण कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या तिरंदाजांवर कसे चालून जायचे हे त्याला शिकवणे अवघड असते. तो एकेक करून पुढे येतो आणि मरतो. मग खेळाडू पुढे पाऊल टाकायचेच सोडतो. जागेवर बसून वाट पाहणे हाच उत्तम डाव ठरला, तर डावपेचांच्या खेळात डावपेच राहत नाहीत. आणि बाजू उलटली, शत्रूकडे तिरंदाजांची गर्दी झाली, तर नवखा खेळाडू पहिल्या फेरीतच आपली माणसे गमावतो आणि काय चुकले हे त्याला कळतही नाही. पाळीपाळीच्या खेळात हरलेल्यालाही आपली चूक बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. 'तिथे उडता सैनिक पाठवायला हवा होता' असे म्हणता आले तर तो पुन्हा खेळायला बसेल.

तोल म्हणजे सगळे सारखे, असे मी म्हणत नाही. 'हीरोज ३' मधला टायटन दुरून वीज फेकतो आणि शेजारी आलेल्यालाही पूर्ण ताकदीने झोडपतो. त्याला ही सूट आहे, कारण तो सर्वोच्च पातळीचा, महागडा आणि उशिरा हाती येणारा जीव आहे. त्याची किंमत पटाबाहेर, खजिन्यात आणि आठवड्यांत मोजली जाते. अशा अपवादाला जागा असावी. पण ती सूट पहिल्या पातळीच्या स्वस्त धनुर्धाऱ्याला एखाद्या कौशल्यातून मिळू लागली की टायटनही फिका पडतो आणि खजिनाही निरर्थक होतो.

हा विषय आता मराठी वाचकाच्या अंगणातलाही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ जगापुढे ठेवला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, त्यामुळे कौशल्यावर चालणारे खेळ बनवण्याकडे इथल्या तरुणांचे लक्ष वळावे अशी आशा धरता येते. आपल्या कथांवर डावपेचांचे खेळ बनतील तेव्हा त्यांत धनुर्धरांचीच गर्दी असेल. द्रोण, कर्ण, अर्जुन, एकलव्य, सगळे लांबून मारणारे. त्यांचे बाण दुबळे करू नका, ते कुणाला रुचणारही नाही. मात्र प्रत्येक धनुर्धर पटावर उतरवण्याआधी त्याच्यासमोर सगळ्यात स्वस्त पायदळ उभे करून पाहा, आणि त्या पायदळाच्या हाती एकही खेळी उरत नसेल, तर धनुर्धराचा आकडा न कापता त्या पायदळाला एक खेळी द्या.